साडेसातशे वॅट

जबडा तारांनी बांधलाय. सहा आठवडे फक्त पातळ.
वडगावच्या पुलाखाली खडीवर गाडी घसरली,
एवढीच गोष्ट, पण ती आता मला सांगताही येत नाही.
म्हणून हा सांगतो, तापकीर गल्लीत, ओसवालांच्या काउंटरवर,
मी शेजारीच उभी असताना:
"मिसेसना चावता येत नाही. काहीतरी चांगलं दाखवा."

काहीतरी चांगलं.
एकतीस वर्षांत यानं मिक्सर हातात घेतला
तो दिवाळीत पुसायला दिला तेव्हा.

ऋषभ नावाचा मुलगा खोकी उघडतो.
पाचशे वॅट, साडेसातशे, हजार.
माझ्याशी मोठ्यानं बोलतो,
जणू तोंड बंद म्हणजे कानही बंद.
"काकू, गाजर डायरेक्ट! सालासकट!"
मुकुंद विचारतो, रंग कोणकोणते आहेत.

मी पर्समधून वही काढते.
झाकणाचं रबर सुटं मिळतं का, विचार.
छोट्या भांड्यात चार मिरच्या फिरतात का,
की नुसत्या कडेला चिकटून बघत बसतात.
तो परीक्षेतल्यासारखा वाचतो,
"बघत बसतात"सुद्धा मोठ्यानं.
ओसवाल हसतात.
माझ्या नाकातून फक्त हवा जाते.

मग ऋषभ खालच्या फळीवरून एक काढतो,
चौदा हजारांचा, वर घुमट असलेला.
"हा बघा सर, आवाजच नाही."
खरंच नाही. भिंतीपलीकडे कुणी
शिवणयंत्र चालवावं, तेवढाच.
मुकुंद खूश. "घेऊन टाकू. तुलाही त्रास नको."

मी लिहिते: आवाज हवा.

"का?"

का, ते वहीत मावत नाही.
सकाळची साडेसात, सासूबाई, मुलं,
माझा दुसरा मोजा कुठाय, गॅसवाल्याचे पैसे दिले का,
आणि मी ओल्या खोबऱ्यावर बटण फिरवून ओरडायचे,
ऐकू येत नाहीये, मिक्सर चालूय!
चटणी कधीचीच झालेली असायची.
आणखी एक मिनिट.
कधीकधी तर भांडं रिकामंच.
दोन खोल्यांच्या घरात
माझी तिसरी खोली होती ती, घरघरीची.

मी लिहिते: तो जास्त टिकतो.

साडेसातशेचा घेतला. तीन भांडी, दोन वर्षं गॅरंटी,
घासाघीस करून एक गाळणी वर.

आता दुपारी मुकुंद ओट्याशी असतो.
वरण, भात, तूप, लिंबू, सगळं एकत्र.
पहिल्या दिवशी झाकण लावायला विसरला,
दुधी अजून ट्यूबलाइटवर आहे.
तेव्हापासून दोन्ही हातांनी झाकण दाबून उभा राहतो,
डोळे मिटून,
पीएमटीत दांडा धरल्यासारखा.

मी चमच्यानं ताटली वाजवते. मीठ. मीठ घातलंस का?
तो मान न वळवता ओरडतो,
"ऐकू येत नाहीये!"

वरण कधीचंच बारीक झालंय.
मी ताटली खाली ठेवते.
फिरू दे.