दोन लाकडं

कल्लोळचा बंधारा बुडाला की
दर गुरुवारी मी पेटी घेऊन नावेत बसते.
फळीवर ठेवत नाही, मांडीवर घेते.
आत भात्याशेजारी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी,
कोपऱ्यात निपाणीच्या तंबाखूची दोन पानं, कसर लागू नये म्हणून,
वरून युरियाचं रिकामं पोतं, दोनदा धुतलेलं.
चिकोडीच्या दस्तगीरभाईंनी घालून दिलेली ही पथ्यं,
बाळंतिणीला असतात तशी.

'पाण्याला भिऊ नका बाई, पाणी दिसतं तरी.
हवेतली ओल न विचारता आत येते,'
ते म्हणाले होते, काळी चार खालून तासताना.
त्या साली ती पट्टी दाबली की वर यायचीच नाही.
अख्ख्या भजनाखाली एकच सूर रडत राहायचा,
गर्दीत कुणाचं तरी पोर चुकावं तसा.

निंगाप्पा अंबी बांबू रेटता रेटता पोत्याकडे बघतो.
'पेटीगे ज्वर बंदैतेन्री?'
पेटीला ताप आलाय का, विचारतो, आणि हसतो.
मग एकदम मराठीत येतो, कामाचं बोलायचं असलं की येतो तसा:
'हिला मी चैत्रात बुडवून ठेवतो.
दगडं भरून, काठाला, छातीएवढ्या पाण्यात.
वाळली की फळ्या एकमेकीला सोडतात.
मग काथ्या कोंबा, डांबर ओता,
ती पाणी घेतच राहते.'

मी पायाखाली बघते.
दोन फळ्यांत नखसुद्धा जाणार नाही
इतकी फुगून, गच्च, गप्प बसलेली नाव.
सागवान खानापूरचं, तो म्हणतो.
पेटीचंही तिथलंच. मी सांगत नाही.

मधल्या धारेत नाव करकरते.
काळी तीन आणि काळी चारच्या मधे कुठंतरी,
माझ्या पेटीत नसलेल्या जागी.
मी पोतं थोडं सारते, झाकण उघडते,
भाता एकदाच हलवून काळी चार दाबते, सोडते.
वर आली.
निंगाप्पाचा बांबू थांबलेला असतो.
नाव जराशी वाहवते, मग तो ती सावरून घेतो.

यडूरच्या काठाला पोरं उभी आहेत,
दोघांच्या वह्या शर्टाच्या आत.
उतरण्याआधी पुरचुंडी सोडते.
आठवडाभर ओल पिऊन मऊ पडलेले तांदूळ
कडेनं पाण्यात टाकते.
मासे लगेच वर येतात.
'भाजलेलं आवडतंय त्यांना,' निंगाप्पा म्हणतो,
'पुढच्या वेळी मूठभर जास्त आणा.'