शेजार

बोट तीन दिवस धक्क्याला अडकली, म्हणून जमलं.
नाहीतर इटलीतल्या त्या बंदरातून
डोंगराकडे जाणारी बस मी कशाला पकडली असती?
खिशात सोनूतात्यांनी दिलेला कागद:
नंबर, पलटण, घामानं फुटलेली शाई.

पांढरे दगड मोजत गेलो,
एकशे बारानंतर
मोजणं बरं वाटेना.
गवत कापणाऱ्यानं टोपी काढून वही उघडली.
शिगवणचं त्यांनी 'सिगवान' केलंय,
पण वर 'ॐ भगवते नमः', आपल्या अक्षरात,
कान्यामात्र्याची चूक नाही.
रावजी. वय बावीस.
माझा धाकटा परवा तेविसाचा झाला.

पालशेतला पडवीत तात्या पाग विणत होते.
"समींदर दिसतो का रं तिथनं?"
नाही. ऑलिव्हची झाडं आहेत,
पानांची पाठ बांगड्याच्या पोटासारखी.
"आनि शेजार?"
मला कळलंच नाही.
"शेजारी कोन हाय त्येच्या?"
डावीकडे एक गढवाली पोरगा.
"उजवीकडं?"
उजवीकडच्या दगडावर नाव नाही, तात्या.
हिंदुस्थानी फौजेतला एक शिपाई, एवढंच.

विणणारा हात थांबला.
ओहोटीच्या कातळावर बाया कालवं फोडत होत्या, टक टक.
याच कातळावर रावजीनं
सहा वर्षांच्या भावाला कालव उघडायला शिकवलं,
मोठं तू खा म्हणाला,
आणि चिपळूणच्या मोटारीत बसला.
मग मनीऑर्डरी. मग तार.
मग पुठ्ठ्याच्या डबीत पदक.
फीत आयेनं पालखीच्या दांड्याला बांधली,
पदकाचं काय झालं, तात्या सांगत नाहीत.

"खडा ठेवलास?"
ठेवला. अंगणातला जांभ्याचा, रावजीच्या पायथ्याशी.
अर्धा शेजाऱ्याला दिला, असं सांगणार होतो.
पण खोटं कशाला,
तेव्हा मला ते सुचलंही नव्हतं.

शिमग्याला पालखी अंगणात आली.
गुरवानं गाऱ्हाणं घातलं:
जे मुंबईला, जे दर्यावर, जे परमुलखात,
त्यांची राखण कर रे महाराजा.
तात्या काठी टेकत पुढं झाले.
"आमच्या रावजीच्या उजव्या हाताला एक हाय.
नाव ठावं नाय.
त्येला पन घ्या."

गुरव घुटमळला.
बिननावाचा माणूस गाऱ्हाण्यात बसवायचा कसा?
ढोलाचं टिपरू हवेतच राहिलं,
आणि मागून कुणाचंसं पोर,
घाईघाईनं, वेळेच्या आधीच,
व्हय महाराजा.