वाया

तिसरं पत्र आलं तेव्हा मी कूलरच्या ताटीत
वाळा भरत होते. हात ओले,
म्हणून शेजारच्या धनंजूनं वाचून दाखवलं :
'आवाज उत्तम. वाचन समजपूर्वक.
मात्र ळ या वर्णाचा उच्चार सदोष.
सबब निवड होऊ शकली नाही.'
म्हणजे काय वो ताई?
म्हणजे, म्हटलं, मियाली नाही.

हसलो दोघंही. तो गेल्यावर
तार इतकी आवळली की बोटात शिरली.

पाचपावलीत आमच्या ळ राहतच नाही.
डोयाला डोया, नयाला नय,
शाया सुटली की पोट्टे पयत येतात.
आई मला जवय घ्यायची, जवळ कधीच नाही,
त्यात काही कमी पडल्याचं आठवत नाही.

वर्षभर आरशापुढे जीभ मागे दुमडली :
कमळ, काजळ, बाभूळ, मृगजळ.
एकटा शब्द असला की नीट येतो तो,
गणवेश घालून, केस विंचरून.
स्टुडिओत लाल दिवा लागला
की चौथ्या ओळीला घरी पळतो.

आठ दिवस सुचलं नाही काही.
पारा सत्तेचाळीसवर. ताट्या मात्र खपल्या.
नवव्या दिवशी मस्कासाथचं एक म्हातारं
सायकल भिंतीला टेकवून म्हणालं,
'वाया द्या बाई, मोठ्या कूलरचा.
वाया चांगला असला का झोप लागते.'

मागत होता वाळा,
आणि तोंडातून निघत होता
माझ्या तीन वर्षांचा हिशेब.
'काका, पुन्हा म्हणा बरं,' मी मोबाईल पुढे केला.

मग नादच लागला.
कयमन्याच्या मंडईत लिलाव पुकारणारा रमजानभाई,
गोयीबार चौकात सकायपासून तर्री उकळणारा शेषराव,
तांडापेठेत बंद मागावर पापड वाळत घालणारी
यशोदाबाई नंदनवार. नवऱ्याबद्दल म्हणाली,
'त्याच्या गयात सूर होता. गया.'
एवढंच, आणि पापड उलटत राहिली.
ते मी कापलं नाही.

तिन्ही पत्रांच्या पाठी कोऱ्या होत्या.
नावं, पत्ते, मिनिटं, सगळं तिथंच मांडलं.
चौथ्या अर्जात 'निवेदिका' खोडलं.
वर लिहिलं : कार्यक्रम, अवधी बावीस मिनिटं,
विषय, ळ घरी गेल्यावर काय करतो.
लिहिताना तो कधी चुकत नाही माझा.
कागदावर मुकाट बसतो.

सिव्हिल लाईन्स. दुपारचे दोन.
टेबलामागचा माणूस लिफाफ्याकडे न बघता म्हणाला,
'ठेवा तिथं. सायेब जेवाले गेले. वेय लागन.'

मी खुर्ची ओढली.
'पुन्हा म्हणता का,' विचारलं,
'जरा मोठ्यानं?'