शिंक

दोंडाईच्यात मिरचीचा हंगाम होता.
खळ्यावर लाल पथाऱ्या,
डोळे पुसल्याशिवाय बघता येणार नाही अशा.
मागच्या खोलीत गाणं रेकॉर्ड केलं,
भिंतीला गोधड्या, खिडकीत उशी,
मोबाइल तेलाच्या डब्यावर टेकवलेला.
दुसऱ्या अंतऱ्यात, मी श्वास घेतो त्या जागी,
बाहेर देठं खुडणारी वैजंताबाई शिंकली.
पुन्हा गायला हवं होतं,
पण लाइट गेली.
राहू दे म्हटलं.

सहा महिन्यांनी शिरपूरकडे एका हळदीत
ट्रॉलीवरच्या डीजेतून तेच गाणं आलं.
ठेका पळवलेला, आवाज चिमटून वर चढवलेला,
पडद्यावर भलत्याचं नाव, सोनेरी, गरगर फिरणारं.
पोरं घामाने निथळत नाचत होती.
खरं सांगू, आधी मला बरंच वाटलं.
मग अंतरा आला,
आणि सगळ्या दणदणाटाखालून, बारीक,
वैजंताबाई शिंकली.

माझं नाव पुसायला त्याला एक बोट पुरलं असेल.
शिंक ऐकूच आली नाही त्याला.

डीजेवाल्याला विचारलं, हाई गानं कोनं शे?
तो म्हणाला, गानं काय कोनं ऱ्हास का भो,
जो वाजाडस त्यानं.

धुळ्याच्या वकीलबाईंनी पुरावे मागितले.
मी किराण्याची वही नेली.
शेंगदाणा तेल दोन किलो, बाकी एकशे चाळीस,
आणि त्याखाली ध्रुपद, माझ्या अक्षरात.
वरची तारीख कौतिकशेटच्या अक्षरात.
ती बघून बाई पहिल्यांदा हसल्या.
फुटक्या काचेचा फोन दिला, मूळ फाइल दिली.
अर्ज भरताना, शब्द कोणाचे: माझे.
चाल कोणाची?
इथे पेन थोडं थांबलं.
खळ्यावर बायांचे हात ज्या लयीत चालतात
ती मी कुणाला विचारून घेतली होती?
लिहिलं, माझी.
खोटं नव्हतं. पण अक्षर जरा बारीक आलं.

बाईंनी गाणं तीनदा लावलं,
कागदावर लिहिलं, दोन मिनिटं चौदा सेकंद.
वैजंताबाईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली,
मंग मन्हं नाव कोठे शे?
त्या अर्जात तसा रकाना नव्हता.

तक्रार गेली आहे. उत्तर यायचंय.
परवा नवं गाणं करायला बसलो,
खिडकीतली उशी काढून ठेवली
आणि खळ्याकडे हाक मारली.
ती म्हणाली, काम पडेल शे रे भाऊ,
आनि शिंक काय सांगीसन येस का?