राखाडी अक्षरं

मरोळला, खोक्यांच्या गाळ्याच्या डोक्यावर
तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस.
खाली पुठ्ठा कापतात,
वर आम्ही मुंबईभरच्या सोसायट्यांच्या पावत्या फाडतो:
पाणीपट्टी, सिंकिंग फंड, लिफ्टची दुरुस्ती.

मार्चपासून माझ्या पडद्यावर आणखी कुणीतरी बसतं.
मी अर्धी ओळ लिहिते, की उरलेली
राखाडी रंगात उमटते,
नको नको म्हणताना पानात वाढल्यासारखी.
टॅब दाबला की आपली.
नाही दाबला की जशी आली तशी गेली.

खोटं कशाला बोलू, मला आवडतं.
तारखा सरळ करण्यात माझी वीस वर्षं गेली,
आधी दिवस की आधी महिना,
लीप वर्षाचा फेब्रुवारी, एकतीस मार्चची रात्र.
ते आता दोन ओळींत निभतं.
ज्या चाचण्या मी शुक्रवारवर ढकलायचे
आणि शुक्रवारी पुढच्या शुक्रवारवर,
त्या चहा निवायच्या आत चौदा होतात.
मनगटाचा पट्टा जूनमध्ये काढून ठेवला.
फिजिओवाली म्हणाली, काम सोडलंत का?
म्हटलं, नाही हो, वाटून घेतलं.

आल्हाद, तेवीस वर्षांचा, न वाचताच टॅब दाबतो,
पूजेला बसलेल्या यजमानाने
भटजी थांबले की 'मम' म्हणावं तसा.
मी ओरडते त्याला.
दुपारी तीनला माझंही बोट मम म्हणतं.

ऑगस्टमध्ये थकबाकी लिहायला घेतली.
हप्ता चुकला तर व्याज,
व्याज चुकलं तर स्मरणपत्र, तेही चुकलं तर
राखाडी अक्षरं माझ्या पुढे धावत होती.
बरोबर होती. सरळव्याजच लावलं,
मी वर बजावलं होतं तसं.
टॅब. टॅब. टॅब.

मग वाकोल्याहून फोन आला.
लुर्डीन मिस्किटा, फ्लॅट तीनशे चार.
"माझ्या माणसाला तुमचे मेसेज येतात.
प्रिय सभासद, आपली थकबाकी.
तो ईस्टरला गेला. फोन मीच चार्ज करते अजून.
वाजला की धस्स होतं."
भांडल्या नाहीत. पैसे भरते म्हणाल्या.
फक्त विचारलं,
"त्यातलं ते 'प्रिय' काढता येईल?"

कोड उघडला. वर गेले, खाली आले.
भाडेकरू होता, सहसभासद होता,
दुबईला राहणारा मालक होता,
चेक परत आलेला, पत्ता बदललेला.
मेलेला कुणी नव्हता.
यंत्राने त्याला लिहिलं नव्हतं.
पण मी तरी कुठे लिहिलं होतं?

लिहिलं: सभासद मयत असेल, तर
लगेच राखाडीत पुढचं:
स्मरणपत्र वारसाला पाठवा.
चूक नव्हतं. आमचे मालकही हेच म्हणाले असते.
एस्केप दाबलं.
मग माझ्या बोटांनी, सवय गेलेल्या,
एकेक अक्षर शोधत:
मेसेज थांबवा. व्याज थांबवा.
वर्षभर काही पाठवू नका.
माणसाने फोन करावा.

व्याजासाठी दोन मीटिंगा लागल्या, ते वेगळं.

परवा आल्हाद पार्किंगची बिलं लिहीत होता.
'सभासद' लिहिलं फक्त,
आणि पुढे उमटलं: मयत असेल, तर मेसेज थांबवा,
माणसाने फोन करावा.
माझीच ओळ. जरा फिकी.
शेजारच्या खुर्चीवरून मी पाहत होते
त्याचं बोट टॅबवर गेलेलं, तिथेच राहिलेलं.
ओठ हलले. वाचत होता.
खाली पुठ्ठ्याचं मशीन बंद झालं, सात वाजले असावेत.
त्याने टॅब दाबला,
मग माझ्याकडे वळून म्हणाला,
"पण हा फोन करायचा कुणी?"