फिका पिवळा

पेटीला तीन कप्पे. एका टोकाला
तारेच्या वाटीखाली अनोळखी उंदीर,
दुसऱ्या टोकाला तशीच वाटी, रिकामी.
मधल्या कप्प्यात आपला सोडायचा
आणि दहा मिनिटं मोजायची:
कुणाजवळ किती.

सतरा नंबर रिकाम्या वाटीशी गेला.
तिथंच बसला, पाठ करून,
पुन्हा पुन्हा तोंड धूत राहिला
स्वच्छ झालं तरी.
मी वहीत लिहिलं: दुसऱ्यात रस नाही.
माझं अक्षर चांगलं आहे. गुप्ते सर म्हणतात तसं.

मग शेपटीतून रक्ताचा थेंब.
सकाळीच घ्यायचा, कारण दिवस चढतो तसा
हा हार्मोन त्यांच्या अंगात आपोआप चढतो,
ती रात्रीची जनावरं.
मग प्लेट, शहाण्णव खळगे.
निळा उठतो, आम्ल पडलं की पिवळा होतो,
आणि गणित उलटं:
जितका ताण जास्त
तितका पिवळा फिका.
नव्या मुलांना हे दोनदा सांगावं लागतं.
मला सांगितलं तेव्हा मीही
गडद खळग्यांकडे बोट दाखवलं होतं.

सतराचा खळगा जवळजवळ पाणी.
अर्ध्या तासानं पुन्हा थेंब घेतला.
बाकीच्यांचं उतरलेलं,
त्याचं नाही.

मग महिनाभरानं, ताणाची वाट अडवणारं औषध टोचून,
तोच सतरा, तीच पेटी,
तो अनोळखी उंदरापर्यंत गेला.
सहा सेकंद तारेला नाक लावलं. परत आला.
सर म्हणाले, एका उंदरावरून काही म्हणू नये.
म्हणत नाही.

आश्विन लागला की मैदानावर माइक तपासतात,
हेलो, हेलो, एक, बे, त्रण,
आणि पिंजऱ्यांतला भुसा थरथरतो.
दारावर नोटीस लागली:
नवरात्रात वर्तनाच्या चाचण्या बंद.
आवाजानं आकडे बिघडतात.

उंदरांना नऊ दिवस सुट्टी.
चपला हातात घेऊन मी तिथंच उभी राहिले.

विश्रामला बाबा दरवर्षी न्यायचे.
आरसे लावलेलं केडियू शिवलेलं,
एक हात आतेभावाकडे, एक माझ्याकडे,
माणसांत मिसळला की होईल नीट.
फेऱ्याच्या मधोमध तो उभा,
ढोल छातीएवढ्या उंचीवर,
चेहऱ्यावर काही नाही.
एकदाही रडला नाही.
सगळे म्हणाले, बघा, किती शांत.
मीही म्हणाले.
घरी आल्यावर मोरीत उकिडवा बसून
पहाटेपर्यंत हात धुवायचा.

फिका होता तो.
आम्ही गडद शोधत होतो.

तो उंदीर नव्हे. हे लिहून ठेवते,
लोक लगेच तसं वाचतात.
सतराला कुणी विचारलं नाही कसं वाटतंय,
विश्रामलाही नाही,
एवढंच एक साम्य.

आता तो त्रेचाळीसचा.
दांडिया बाजारच्या घरात तीन खोल्या, ओळीनं.
अष्टमीला सगळे गरब्याला गेले.
खिडक्यांना मी गाद्या लावल्या,
तरी रावपुऱ्याकडून धमक येतच होती
फरशीतून, तळव्यांतून.
टोकाच्या खोलीत तो,
दुसऱ्या टोकाला मी, दार उघडं ठेवून.
वही घेतली नाही.
घड्याळ बघितलं नाही. खोटं कशाला,
दोनदा बघितलं.

साडेदहाच्या सुमारास तो आला.
माझ्याकडे न बघता
डोक्यावरचा कुरकुरता पंखा बंद केला
आणि परत गेला.

फार उकडत होतं.
मी पंखा लावला नाही.