मागची रेघ

कंग्राळीच्या स्टॉपजवळ मल्लेशी हडपदचं दुकान.
पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
मधल्या जागेत उघडी कात्री.
दर दुसऱ्या रविवारी साडेसहाला मी पहिला.
उशीर झाला की कॉलेजची पोरं बसलेली असतात,
मोबाईलवरचं कुणाचं तरी डोकं दाखवत.

मी दाखवायला काही नेत नाही.
कानावर एक नंबर, त्याच्या वर दोन,
टाळूवर चिमटीत येतील न येतील एवढे.
मशीन खालून वर, मनगट बाहेर वळवत,
म्हणजे पायरी दिसत नाही.
मानेवरची रेघ तेवढी वस्तऱ्यानं.
मशीनची रेघ आठ दिवसांत खरबरीत होते
आणि कॉलरला घासते.
हे उस्तादानं सांगितलेलं, ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात,
मानेवर दोन थंड बोटं टेकवून:
"इथं. ह्याच्या खाली एक केस दिसला तर बघ."

त्या दिवशी आम्ही एकशेवीस जण रांगेत,
कॅम्पातल्या चिंचेखाली चार खुर्च्या,
एका डोक्याला चाळीस सेकंद.
उठून बघतो तर कोण कुठला कळेना.
बिजगर्णीचा नारू हुंदरे
मलाच विचारतोय, नागोजी कुठं गेला म्हणून.
केस गेले आणि खालचं सगळं वर आलं:
कुणाचे दोन-दोन भोवरे,
कुणाचं गुऱ्हाळातलं भाजलेलं,
माझ्या डाव्या कानामागं एक खोक,
मला ठाऊकच नव्हती.
सुट्टीला आलो तेव्हा आईनं तिच्यावर बोट ठेवलं.
मग चुलीकडं तोंड करून म्हणाली,
"पाळण्यातनं पडलतास.
माझ्याच हातनं झोका जोरात गेलता."

सतरा वर्षं डोकं तसंच.
पेन्शनीत आलो, उद्यमबागेत फौंड्रीच्या गेटावर बसलो,
तेव्हा सुगंधा म्हणाली, "आता तरी वाढवा की.
लग्नाच्या फोटोतसुद्धा
कुणाला तरी धरायला आल्यासारखे दिसतासा."

वाढवले.
दोन महिन्यांत कानांवर आले,
काही पांढरे, काही धड काळेही नाहीत.
बेळगुंदीला एका लग्नाला निघालो होतो,
कंगवा पाण्यात बुडवून आरशापुढं उभा राहिलो
आणि हात अडला.
भांग कुठल्या बाजूला?
डोळे बांधून रायफल खोलायचो, जोडायचो,
खरं हे आठवेना.
कडोलीला थोरल्या बहिणीला फोन लावला.
ती आधी पोटभर हसली,
मग ट्रंक उघडून दहावीचा फोटो शोधला.
"डावीकडं रे. थांब.
फोटोतली डावी, का तुझी डावी?"
दोघंही गप्प.
सुगंधा दारात पिशवी घेऊन उभी.
सगळे केस मागं सारले आणि गेलो लग्नाला.

दुसऱ्या दिवशी मल्लेशीकडं.
त्यानं काही विचारलं नाही,
मशीनला दोन थेंब तेल सोडलं.
"सर, एक नंबर?"
"होय की."
मानेला वारा लागला
तेव्हा घरी आल्यासारखं वाटलं,
हे सुगंधाला अजून सांगितलेलं नाही.

आता वैजनाथ.
पहाटे साडेचारला मैदानावर धावूलालाय,
भरतीला चार महिने आहेत,
खरं केस आत्ताच पाहिजेत, माझ्यासारखे.
मी म्हटलं, घेतील तेव्हा तेच कापतील की, फुकट.
ऐकत नाही.
या रविवारी दोघं गेलो.
मल्लेशीनं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं,
मशीन सुरू केली.
"थांब जरा," मी म्हटलं,
आणि पोराच्या हातात कंगवा दिला.
"एकदा विंचर, रोजच्यासारखं."
"कापायचेच आहेत की आत्ता!"
"विंचर म्हणतोय ना."
त्यानं तोंड वाकडं करून भांग पाडला.
मी खुर्चीच्या मागं जाऊन उभा राहिलो,
आरशात नव्हे, डोक्याकडं बघून ठेवलं.

उजवीकडं.
त्याची उजवी.